फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव : फारोख बुलसारा; जन्म : स्टोन टाउन, झांझिबार, ५ सप्टेंबर १९४६; मृत्यू : लंडन, २४ नोव्हेंबर १९९१) हे ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक बँडचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांच्या शालेय शिक्षणाचा मोठा काळ महाराष्ट्रातील पाचगणी येथे गेला. १९७५ साली प्रकाशित झालेला 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा क्वीनचा चौथा अल्बम त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक टप्पा मानला जातो. बँड कर्जात असताना आणि जुन्या व्यवस्थापनाशी संबंध तुटत असताना हा अल्बम तयार झाला. त्याच्या यशाने बँडचे अस्तित्व टिकले. त्यातील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रचनांपैकी एक ठरले.

बालपण आणि पाचगणीतील शिक्षण

मर्क्युरी यांचे वडील बोमी बुलसारा व आई जेर हे दोघेही मूळचे गुजरातचे. बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून कुटुंबाचे आडनाव पडले. झांझिबार त्या काळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि बोमी तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. फारोख यांना कश्मिरा नावाची धाकटी बहीण होती. घरात झरथुष्ट्री धर्माचे आचार पाळले जात. पारशी रिवाजाप्रमाणे लहानपणीच फारोख यांचा नवजोत विधी झाला.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले. झांझिबारहून मुंबईपर्यंतचा प्रवास बोटीने होत असे. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण निवासी शाळांसाठी प्रसिद्ध होते. तेथील सेंट पीटर्स या मुलांच्या शाळेत त्यांनी प्रवेश घेतला. आईवडील समुद्रापार असल्यामुळे काही सुट्ट्या ते मुंबईतील नातेवाइकांकडे घालवीत. शाळेत त्यांना फ्रेडी या नावाने हाक मारली जाऊ लागली आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

चित्रकला, टेबल टेनिस व मुष्टियुद्ध यांत त्यांना गती होती. मात्र त्यांचा खरा ओढा पियानोकडे होता. एकदा ऐकलेले गाणे पियानोवर वाजवून दाखवण्याची त्यांची हातोटी शिक्षकांच्या लक्षात आली आणि त्यांच्यासाठी पियानोच्या स्वतंत्र शिकवणीची सोय झाली. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, १९५८ मध्ये, त्यांनी शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदी गायकांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. या बँडमध्ये मर्क्युरी मुख्य गायक नव्हते. ते पियानो वाजवीत.

इंग्लंडमध्ये स्थलांतर

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस झांझिबार स्वतंत्र झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथे सशस्त्र क्रांती झाली. अरब व दक्षिण आशियाई वंशाचे हजारो लोक मारले गेले किंवा देशोधडीला लागले. बुलसारा कुटुंबानेही देश सोडला व लंडनच्या हिथ्रो विमानतळाजवळील फेल्टम येथे ते स्थायिक झाले.

फ्रेडी यांनी आयलवर्थ येथे कलाशिक्षण घेतले व त्यानंतर ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये आरेखनाची पदविका मिळवली. चरितार्थासाठी त्यांनी विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले, तसेच केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. या गाळ्यात त्यांचे भागीदार होते पुढे क्वीनचे तालवादक झालेले रॉजर टेलर. याच काळात 'आयबेक्स', 'सावर मिल्क सी' अशा अल्पजीवी बँडमध्ये ते गात होते.

क्वीनची स्थापना

ईलिंगमधील त्यांचे सहाध्यायी टिम स्टॅफेल हे 'स्माइल' या बँडचे गायक होते. गिटारवादक ब्रायन मे व रॉजर टेलर हे त्या बँडचे अन्य सदस्य. मे हे इंपीरियल कॉलेजमध्ये खगोलभौतिकीचे संशोधन करीत होते आणि वडिलांच्या मदतीने स्वतः तयार केलेली गिटार वाजवीत. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडल्यावर त्यांची जागा फ्रेडी यांनी घेतली. बँडला क्वीन हे नाव त्यांनीच दिले. त्याच सुमारास त्यांनी स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी असे केले. १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन सामील झाले आणि ही चौकडी पुढील वीस वर्षे कायम राहिली.

आरेखनाच्या शिक्षणाचा उपयोग करून मर्क्युरी यांनी बँडचे मानचिन्ह तयार केले. चारही सदस्यांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा व दोन पऱ्या घेतल्या असून वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे. मर्क्युरी यांच्या तोंडात चार जादा दात होते व त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. दात काढल्यास आवाजावर परिणाम होईल, या भीतीने त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही.

आर्थिक पेच

'क्वीन' (१९७३), 'क्वीन २' (१९७४) व 'शीअर हार्ट अटॅक' (१९७४) हे पहिले तीन अल्बम बँडने ट्रायडंट या व्यवस्थापन संस्थेशी केलेल्या कराराखाली तयार केले. मर्क्युरी यांनी रचलेले 'किलर क्वीन' हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९७५ च्या वसंत ऋतूत बँड जपानला गेला तेव्हा टोकियोच्या विमानतळावर चाहत्यांची प्रचंड गर्दी झाली.

या लौकिकाचा पैसा मात्र सदस्यांच्या हाती पडत नव्हता. करारानुसार ध्वनिमुद्रण, प्रकाशन व व्यवस्थापन हे तिन्ही अधिकार एकाच संस्थेकडे होते. सदस्यांना आठवड्याला ठरावीक वेतन मिळे आणि ध्वनिमुद्रण व दौरे यांवर झालेला खर्च बँडच्या नावे कर्ज म्हणून मांडला जाई. आपण मोठी गुंतवणूक केली असून ती अद्याप वसूल झालेली नाही, अशी संस्थेची बाजू होती. दीर्घ वाटाघाटींनंतर ऑगस्ट १९७५ मध्ये बँड या करारातून मोकळा झाला. त्यासाठी ठरावीक रक्कम आणि पुढील अल्बमांच्या उत्पन्नातील काही वाटा देणे त्याला मान्य करावे लागले. गायक एल्टन जॉन यांचे व्यवस्थापक जॉन रीड यांनी क्वीनचे काम हाती घेतले. पुढचा अल्बम अपयशी ठरला असता, तर बँड टिकणे कठीण होते.

अ नाइट ॲट द ऑपेरा

अशा स्थितीत खर्चाला कात्री लावण्याऐवजी बँडने नेमका उलट मार्ग स्वीकारला. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७५ या काळात वेल्समधील रॉकफील्ड तसेच लंडनमधील सार्म, ऑलिंपिक, राउंडहाउस आदी अनेक स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रण झाले. वेळ वाचवण्यासाठी कधी कधी सदस्य एकाच वेळी वेगवेगळ्या स्टुडिओंत काम करीत. निर्मिती बँड व रॉय टॉमस बेकर यांची होती, तर माइक स्टोन हे ध्वनिमुद्रण अभियंता होते. हा त्या काळापर्यंतचा सर्वांत खर्चिक अल्बमांपैकी एक समजला जातो. त्याचे नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ सालच्या विनोदी चित्रपटावरून घेतले आहे.

अल्बममध्ये बारा रचना आहेत. त्यांपैकी पाच मर्क्युरी यांच्या, चार मे यांच्या आणि प्रत्येकी एक टेलर व डीकन यांची आहे. ब्रिटिश राष्ट्रगीताच्या मे यांनी केलेल्या गिटारवादनाने अल्बमची सांगता होते. चारही सदस्य स्वतंत्रपणे गीते रचीत असल्यामुळे कठोर रॉक, लोकगीत, जॅझ, म्युझिक हॉल व ऑपेरा अशा एकमेकांपासून दूर असलेल्या शैली येथे एकत्र आल्या. मे यांच्या '३९' या गीतात अंतराळप्रवासाहून परतलेल्या माणसाची कथा आहे. प्रवाशाचे एकच वर्ष सरते. पण पृथ्वीवर एक शतक उलटून गेलेले असते. सापेक्षतेच्या सिद्धांतातील या कल्पनेमागे मे यांचा विज्ञानाचा अभ्यास होता. डीकन यांनी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे गीत पत्नीला उद्देशून रचले. त्यातील विद्युत पियानोचा ध्वनी मर्क्युरी यांना रुचत नसल्यामुळे तो डीकन यांनी स्वतःच वाजवला.

मर्क्युरी यांच्या पाच रचनांत त्यांच्या प्रतिभेचा पल्ला दिसून येतो. 'डेथ ऑन टू लेग्ज' या पहिल्याच गीतात आर्थिक पिळवणुकीविषयीचा संताप आहे. त्यात कोणाचेही नाव नसले तरी जुन्या व्यवस्थापनाने ते आपल्याला उद्देशून असल्याचे मानले. हा वाद न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून' या छोट्या गीतासाठी त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या हेडफोनमधून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केला गेला. त्यामुळे तो जुन्या काळच्या कर्ण्यातून आल्यासारखा वाटतो. 'सीसाइड राँदेव्हू'मध्ये ऐकू येणारी फुंकवाद्ये वस्तुतः वाद्ये नसून मर्क्युरी व टेलर यांनी तोंडाने काढलेले ध्वनी आहेत. नृत्याच्या पदन्यासाचा आवाज त्यांनी बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने घालून निर्माण केला. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे विरहगीत पियानो व हार्प यांच्या साथीने गायलेले आहे. पाचवी रचना 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी

पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या गीताला ध्रुवपद नाही. वाद्यांवाचून गायलेल्या बहुस्वरी प्रस्तावनेनंतर पियानोसह संथ कथनगीत येते. गिटारवादनानंतर ऑपेराच्या शैलीतील समूहगान सुरू होते. त्याचा विस्फोट कठोर रॉकमध्ये होतो आणि अखेरीस गीत पुन्हा शांत होत विरून जाते. एका तरुणाच्या हातून घडलेली हत्या व त्यानंतरची त्याची घालमेल, असा आशय त्यात आढळतो. समूहगानात इटालियन लोकनाट्यातील विदूषक, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ व अरबी भाषेतील ईश्वरस्मरण यांचे उल्लेख एकापाठोपाठ येतात. गीताचा अर्थ उलगडून सांगण्याचे मर्क्युरी यांनी आयुष्यभर टाळले.

संपूर्ण रचनेचा आराखडा मर्क्युरी यांच्या मनात तयार होता. सुरुवातीला पियानो, बेस व ताल यांचा पाया ध्वनिमुद्रित करताना ऑपेराच्या भागासाठी फितीवर जागा मोकळी सोडली गेली. त्या वेळच्या यंत्रांवर फितीचे चोवीसच पदर उपलब्ध असत. त्यामुळे मर्क्युरी, मे व टेलर यांचे आवाज अनेकदा ध्वनिमुद्रित करून एका पदरात मिसळले जात आणि मोकळ्या झालेल्या पदरांवर पुन्हा नवे आवाज चढवले जात. मे खालचे, मर्क्युरी मधले व टेलर सर्वांत वरचे स्वर गात. तिघांच्या आवाजातून मोठ्या गायकवृंदाचा भास निर्माण करण्यासाठी सुमारे तीन आठवडे दिवसाचे दहा ते बारा तास काम चालले. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरील चुंबकीय लेप झिजून ती आरपार दिसू लागली.

रेडिओ केंद्रे त्या काळी साधारणतः तीन मिनिटांची गाणी लावत. त्यामुळे एवढे लांब गीत वाजवले जाणार नाही, या शंकेने ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीने ते लहान करण्याची सूचना केली. बँडने ती नाकारली. निवेदक केनी एव्हरेट यांनी कॅपिटल रेडिओवरून एका आठवडाअखेरीस हे गीत चौदा वेळा वाजवले आणि दुकानांत त्याची विचारणा सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी गीत प्रकाशित झाले व ब्रिटनच्या विक्रीयादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

बँड दौऱ्यावर जाणार असल्याने बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात उपस्थित राहणे शक्य नव्हते. शिवाय इतके पदर असलेले गीत मंचावर जसेच्या तसे सादरही करता येत नव्हते. म्हणून दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी एल्स्ट्री येथे काही तासांत त्याचे चित्रीकरण केले. अंधारात उजळलेले चार चेहरे ही त्यातील प्रतिमा 'क्वीन २'च्या मुखपृष्ठावरून घेतलेली आहे. गीताच्या प्रचारासाठी चित्रफीत तयार करण्याची प्रथा रुजवण्यात या चित्रीकरणाचा मोठा वाटा मानला जातो. मैफलीत ऑपेराचा भाग आला, की सदस्य मंचावरून निघून जात व तेवढा भाग ध्वनिमुद्रणावरून वाजवला जाई.

यश आणि त्याचे परिणाम

नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रकाशित झालेला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या, तर अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत प्लॅटिनम दर्जा मिळवणारा तो क्वीनचा पहिला अल्बम होय. कर्जाचा प्रश्न सुटला व पुढील कामाचे स्वातंत्र्य बँडला मिळाले. १८ सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये झालेल्या विनामूल्य कार्यक्रमास सुमारे दीड लाख श्रोते आले.

यशाबरोबर नवा वादही उद्भवला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस टेलर यांचे 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' हे गीत होते. ध्वनिमुद्रिका एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच मानधन मिळाले आणि त्यावरून सदस्यांत कुरबुरी झाल्या. कोणाचे गीत निवडायचे, हा प्रश्न यापुढे उत्पन्नाशीही जोडला गेला. १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून सर्व रचनांचे श्रेय संपूर्ण बँडला देण्याचे ठरले, तेव्हा हा वाद संपला.

नंतरची कारकीर्द

'वी आर द चॅम्पियन्स' (१९७७) हे मर्क्युरी यांचे गीत क्रीडासामन्यांच्या विजयोत्सवात जगभर गायले जाऊ लागले. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे त्यांचे गीत १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८१ च्या दक्षिण अमेरिका दौऱ्यात साओ पावलोच्या मैदानावर एक लाखाहून अधिक श्रोते जमले. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे गीत तेथील श्रोते इंग्रजीत सामुदायिकरीत्या गात आणि मर्क्युरी थांबून ते ऐकत.

या वाटचालीत टीकेचे प्रसंगही आले. १९८४ मध्ये वर्णभेदी राजवटीच्या काळात बँडने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. सांस्कृतिक बहिष्काराचा भंग केल्याबद्दल ब्रिटनमधील संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. पुढील वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेंब्ली मैदानावर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात बँडला सुमारे वीस मिनिटे मिळाली. मर्क्युरी यांनी पियानोवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या प्रारंभीच्या भागाने सुरुवात केली. हे सादरीकरण रॉक संगीतातील सर्वोत्कृष्ट प्रत्यक्ष सादरीकरणांपैकी एक गणले जाते. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्यांचा क्वीनसोबतचा अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह केलेल्या 'बार्सेलोना' (१९८८) या अल्बममुळे त्यांची ऑपेराची आवड पूर्णत्वास गेली.

खासगी जीवन

मंचावर निःसंकोच वावरणारे मर्क्युरी प्रत्यक्षात संकोची स्वभावाचे होते व मुलाखती देण्याचे टाळीत. झांझिबार, पाचगणी आणि आपले पारशीपण यांविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलले. त्यामुळे त्यांच्या हयातीत त्यांच्या आशियाई मुळांची अनेक चाहत्यांना कल्पनाही नव्हती. मेरी ऑस्टिन यांच्याशी असलेले त्यांचे प्रेमसंबंध १९७६ च्या सुमारास संपले. मात्र त्या अखेरपर्यंत त्यांच्या सर्वांत विश्वासू स्नेही राहिल्या. मर्क्युरी यांचे पुरुषांशीही संबंध होते. आयुष्याची अखेरची काही वर्षे जिम हटन हे त्यांचे जोडीदार होते.

आजारपण आणि मृत्यू

१९८७ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. या रोगावर त्या काळी परिणामकारक उपचार नव्हते आणि रुग्णांकडे समाज तिरस्काराने पाहत असे. त्यांची खालावलेली प्रकृती पाहून वृत्तपत्रे तर्क लढवीत राहिली. परंतु मर्क्युरी यांनी ही गोष्ट फक्त निकटवर्तीयांना सांगितली. सहकाऱ्यांनीही ती बाहेर जाऊ दिली नाही. 'इन्युएंडो' (१९९१) हा अल्बम त्यांनी आजारपणातच पूर्ण केला. त्यानंतरही शक्ती असेपर्यंत ते गीते ध्वनिमुद्रित करीत राहिले. ही गीते 'मेड इन हेवन' (१९९५) या अल्बममध्ये समाविष्ट झाली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. दुसऱ्याच दिवशी लंडनमधील गार्डन लॉज या निवासस्थानी, वयाच्या ४५ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. झरथुष्ट्री धर्मगुरूंनी अंत्यविधी केले व त्यानंतर दहन झाले. त्यांच्या इच्छेनुसार रक्षा मेरी ऑस्टिन यांच्याकडे सोपवण्यात आली. तिचे स्थान त्यांनी प्रकट केलेले नाही.

वारसा

निधनानंतर काही दिवसांतच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रकाशित करण्यात आले आणि सोळा वर्षांनी ते दुसऱ्यांदा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातून जमलेला निधी एड्सविषयक कार्य करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आला. २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्ली येथे स्मृतिमैफल झाली व तिच्या उत्पन्नातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट ही एड्सविरोधी कार्याला साहाय्य करणारी संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, जिनिव्हा सरोवराच्या काठी, त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील भूमिकेसाठी रामी मलेक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'अ नाइट ॲट द ऑपेरा'चा ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

२०२३ मध्ये लंडन येथे मर्क्युरी यांच्या संग्रहातील वस्तूंचा लिलाव झाला. ज्या पियानोवर त्यांनी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' रचले, त्याला १७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. याच लिलावात गीताचे हस्तलिखित कच्चे खर्डेही पुढे आले. अंतिम शब्द निश्चित करण्यापूर्वी त्यांनी अनेक ओळी लिहून खोडल्या होत्या आणि गीताला एका टप्प्यावर 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असे शीर्षक दिले होते, हे या खर्ड्यांवरून दिसून आले.